आंतरराष्ट्रीय क्रीडास्पर्धा : राष्ट्रीयत्व आणि खेळाडूची पात्रता

आंतरराष्ट्रीय स्पर्धेत खेळाडू हा राष्ट्राचा प्रतिनिधी मानला जातो. तथापि तो कोणत्या राष्ट्राचा, हे ठरविण्याचे निकष सर्व खेळांत समान नाहीत. रग्बी विश्वचषकासाठी नागरिकत्वाची अट नाही; स्वतःचा, आई-वडिलांचा वा आजी-आजोबांचा त्या देशातील जन्म किंवा तेथील रग्बी संघटनेकडे सलग पाच वर्षांची नोंदणी पुरेशी ठरते. फुटबॉलमध्ये मात्र 'फिफा'च्या नियमानुसार नागरिकत्व अनिवार्य आहे.

नियम एकच असला, तरी त्याचा परिणाम प्रत्येक देशाच्या नागरिकत्व कायद्यानुसार बदलतो. 2022 च्या विश्वचषकात उपांत्य फेरी गाठणाऱ्या मोरोक्कोच्या 26 खेळाडूंपैकी 14 जण देशाबाहेर जन्मलेले होते. दुहेरी नागरिकत्व शक्य असल्याने जन्मदेशाचे नागरिकत्व सोडण्याची सक्ती त्यांच्यावर मोरोक्कोने केली नाही. याउलट भारतात दुहेरी नागरिकत्वास मान्यता नाही. 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया' हा दर्जा म्हणजे नागरिकत्व नव्हे. पुणे एफ.सी.कडून खेळलेले अराता इझुमी यांचा जन्म जपानमधला, वडील भारतीय. 2012 मध्ये जपानी नागरिकत्व सोडून त्यांनी भारतीय नागरिकत्व स्वीकारले, तेव्हाच 2013 मध्ये त्यांना भारतीय संघातून खेळता आले.

तात्पर्य, पात्रतेचा नियम खेळाडूची कायदेशीर ओळख तपासतो, देशाविषयीची आपुलकी नव्हे. त्या ओळखीसाठी मोजावी लागणारी किंमत मात्र क्रीडासंघटना नव्हे, तर राज्यसंस्था ठरविते.