झुकझुक जर्मनी!

युरोप टूर म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? पहाटेचा वेक-अप कॉल, बस, फोटो, पुन्हा बस! आम्हाला ते नकोच होतं. कारण आमच्या टीममध्ये सात वर्षांची लेक होती, पक्की शाकाहारी आई होती आणि बाबा होते. बाबा रेल्वेतले रिटायर्ड गार्ड. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर वर्षभर ते कॉलनीच्या गेटबाहेर पडले नव्हते. ‘माझा प्रवास संपला आता,’ हे त्यांचं पालुपद. मी आणि नवऱ्याने ठरवलं, यांना बाहेर काढायचं तर आमिष एकच, ट्रेन! मे महिना, नऊ दिवस, चार शहरं : फ्रँकफर्ट, कोलोन, बर्लिन, म्युनिक.

फास्ट नको, स्लो!

फ्रँकफर्टहून कोलोनला जायचे दोन मार्ग आहेत. २००२ मध्ये सुरू झालेल्या नव्या लाइनवर आयसीई ताशी ३०० किलोमीटरने पळते आणि तासाभरात पोचवते. पण वाटेत बोगदेच बोगदे. आम्ही मुद्दाम माइन्झ-कोब्लेन्झमार्गे जाणारी जुनी लाइन निवडली. ती ऱ्हाइन नदीला चिकटूनच जाते. जाताना उजवीकडची खिडकी पकडा. उतारांवर द्राक्षमळे, वळणावळणाला किल्ले आणि पलीकडच्या काठावर लोरेलाय नावाचा प्रसिद्ध कडा. आईने तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा उघडला. बाबांचं लक्ष मात्र भलतीकडेच! ‘नदीच्या दोन्ही काठांवर डबल लाइन टाकलीय, बघ!’

कोलोन स्टेशनमधून बाहेर पडलात की समोर थेट कॅथीड्रल, टॅक्सी वगैरे काही नको. बांधायला सुरुवात १२४८ मध्ये, पूर्ण झालं १८८० मध्ये. आपल्या सोसायटीच्या रिडेव्हलपमेंटला उगाच नावं ठेवतो आपण! मनोरे १५७ मीटर उंच. लेक आणि नवरा ५३३ पायऱ्या चढून गेले. बाबा तोवर शेजारच्या होहेनझोलर्न पुलापाशी बसून गाड्या मोजत होते. पुलाच्या जाळीवर प्रेमिकांनी लावलेली असंख्य कुलपं आहेत, पण त्यात त्यांना काडीचा इंटरेस्ट नव्हता.

प्लॅटफॉर्म नंबर १७

बर्लिनचं मुख्य स्टेशन २००६ मध्ये सुरू झालं. काचेची भव्य इमारत, वरच्या मजल्यावरून गाड्या आणि जमिनीखालूनही गाड्या. मध्ये लिफ्ट, त्यामुळे गुडघे खूष. फ्रीडरिशश्ट्रासे स्टेशनला लागून ‘ट्रेनेनपालास्ट’ आहे, म्हणजे अश्रूंचा महाल. १९६१ मध्ये भिंत उभी राहिली आणि शहराचे दोन तुकडे झाले. पश्चिमेकडे परतणाऱ्या नातेवाइकांना पूर्वेकडची माणसं इथे निरोप द्यायची. आता तिथे म्युझियम आहे, तेही फुकट.

पण मनात घर केलं ते ग्रुनेवाल्ड स्टेशनच्या १७ नंबर प्लॅटफॉर्मने. १९४१ पासून बर्लिनच्या ज्यूंना इथून गाड्यांत भरून छळछावण्यांकडे पाठवलं गेलं. प्लॅटफॉर्मच्या कडेने लोखंडी पट्ट्या बसवल्यात. प्रत्येकीवर तारीख, माणसांची संख्या आणि गाडी कुठे गेली ते. बाकी काही नाही. बाबा काठी टेकत एकेक पट्टी वाचत पुढे जात होते. मध्येच थांबले. ‘आम्ही गार्डच्या जर्नलमध्ये अश्शाच नोंदी करायचो गं,’ एवढंच म्हणाले. रुळांमध्ये आता झाडं वाढलीत. ती मुद्दाम राखलीत, कारण इथून पुन्हा गाडी सुटायची नाही. लेकीला ते सगळं आजोबांनीच समजावून सांगितलं. मला जमलं नसतं.

म्युनिक : शेवटचा स्टॉप

बर्लिन-म्युनिक प्रवासाला पूर्वी सहा तास लागायचे. डिसेंबर २०१७ मध्ये नवी लाइन झाल्यापासून साधारण चार लागतात. मारिएनप्लाट्झच्या घड्याळात सकाळी अकराला बाहुल्यांचा खेळ असतो. घोडेस्वारांच्या झुंजीत बव्हेरियाचा गडी जिंकला आणि लेकीने शिट्टी मारली! बाबांनी हळूच विचारलं, ‘दिवाळीत मडगावपर्यंत जाऊन येऊ या का? ट्रेनने?’ आमची ट्रिप तिथेच वसूल!

जायचंय?

* तिकीट जितकं आधी काढाल तितकं स्वस्त. १४ वर्षांपर्यंतची मुलं मोठ्यांबरोबर फुकट, पण सहा वर्षांवरच्या मुलांची नोंद तिकिटावर हवी.
* तिकीट म्हणजे सीट नव्हे! रिझर्व्हेशनचे वेगळे पैसे भरा, आजी-आजोबा असतील तर नक्कीच.
* तुमचा डबा कुठे येणार ते प्लॅटफॉर्मवरची ए, बी, सी अक्षरं सांगतात. आधीच तिथे उभे राहा.
* ‘जर्मन म्हणजे घड्याळ’ विसरा. २०२४ मध्ये लांब पल्ल्याच्या ६२.५ टक्केच गाड्या वेळेवर धावल्या. गाडी बदलायची असेल तर मध्ये भरपूर वेळ ठेवा.
* रविवारी दुकानं बंद असतात, मोठ्या स्टेशनांतली मात्र उघडी. शाकाहारींसाठी बेकरीतला ब्रेत्झेल झिंदाबाद!
* हमाल मिळेल या भरवशावर राहू नका. प्रत्येकाने स्वतःला उचलता येईल एवढीच बॅग घ्या. लोणच्याची बरणी त्यातच!