भुकेला स्नो आणि श्रीमंत सेजानस

खलनायकाचे तरुणपण सांगणारी पुस्तके आम्ही जरा सावधपणेच हाती घेतो. पोराला आईबापाविना पोरके करायचे, चार दिवस उपाशी ठेवायचे, की वाचकाचे डोळे पाणावतात आणि त्याची पुढची सगळी पापे धुऊन निघतात, हा लेखकांचा जुना धंदा आहे. अमेरिकन लेखिका सुझान कॉलिन्स यांची 'द बॅलड ऑफ साँगबर्ड्स अँड स्नेक्स' (२०२०) आम्ही याच संशयाने उघडली. संशय फिटला असे नाही, पण पुस्तकाने विचार करायला लावले हे मान्य केले पाहिजे.

कॉलिन्स यांच्या 'हंगर गेम्स' मालिकेत पॅनेम नावाचे भविष्यातले राष्ट्र आहे. कॅपिटॉल ही राजधानी राज्य करते आणि जिल्हे राबतात. जिल्ह्यांनी एकदा बंड केले, त्याची शिक्षा म्हणून बारा जिल्ह्यांतून दरवर्षी एक मुलगा व एक मुलगी उचलायची, त्या चोवीस जणांना रिंगणात सोडायचे, आणि एकच उरेपर्यंत त्यांनी एकमेकांना मारायचे. मूळ मालिकेत या राष्ट्राचा क्रूर अध्यक्ष असलेला कोरिओलेनस स्नो नव्या पुस्तकात अठरा वर्षांचा विद्यार्थी आहे. काळ दहाव्या खेळांचा.

स्नोच्या घरी कोबी उकळून पोट भरले जाते. बापाचा जुना सदरा चुलत बहीण टायग्रिसने उसवून-शिवून दिलेला, त्याची बटणे न्हाणीघरातल्या फरशीच्या तुकड्यांची. पण घराणे मोठे! उपास दिसता कामा नये, आडनाव झाकोळता कामा नये. त्याचा वर्गमित्र सेजानस प्लिंथ दुसऱ्या जिल्ह्यात जन्मलेला. त्याच्या बापाने शस्त्रांच्या धंद्यात अमाप पैसा कमावला आणि कॅपिटॉलमध्ये घर, शाळा, नागरिकत्व सगळे विकत घेतले. तरी वर्गातल्या पोरांच्या लेखी सेजानस जिल्ह्याचाच. आणि त्याच्या पैशाचा हेवा करणारा उपाशी स्नोही मनातून त्याला खालचाच समजतो.

यालाच आपण श्रेणीबद्ध विषमता म्हणतो. बाबासाहेब कोलंबिया आणि लंडनला शिकून १९१७ साली बडोद्याला नोकरीवर गेले, तेव्हा त्यांना राहायला खोली मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहावे लागले आणि तिथूनही लाठ्या घेऊन आलेल्यांनी त्यांना बाहेर काढले. विद्या होती, हुद्दा होता, पण जन्म आडवा आला. गरिबी ही एक गोष्ट आणि जन्माने लादलेली हीनता ही दुसरी. या दोन गोष्टींची गल्लत आपल्या देशात मोठ्या हुशारीने केली जाते. २०१९ च्या १०३ व्या घटनादुरुस्तीने आर्थिक दुर्बलांसाठी १० टक्के आरक्षण आले आणि त्यातून अनुसूचित जाती, जमाती व ओबीसींमधले गरीबच वगळले गेले. ७ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ३ विरुद्ध २ मतांनी ते उचलून धरले. स्नोला फीचे पैसे मिळावेत याला आमची हरकत नाही. पण जिल्ह्यातल्या उपाशी पोराला त्या रांगेतून बाहेर काढून मिळावेत काय?

स्नोच्या भुकेने त्याला पिंजऱ्यातल्या पोरांच्या जवळ नेले नाही, हे या पुस्तकाचे खरे सांगणे. रिंगणात जाण्याआधी त्या पोरांना प्राणिसंग्रहालयातल्या माकडांच्या पिंजऱ्यात ठेवतात. स्नो त्यांना अन्न मिळावे अशी योजना मांडतो, पण कशासाठी? लोकांनी त्यांच्यावर पैज लावावी, त्यांना खाऊ पाठवावा, म्हणजे खेळ पाहणारे वाढतील! भूक काय असते हे ठाऊक असलेल्या माणसाने ती ओळख सत्तेच्या कामी लावली. ज्यांना २०२३ च्या चित्रपटानंतर स्नोची फार दया आली, त्यांनी हे पान पुन्हा वाचावे. बाराव्या जिल्ह्यातल्या ल्यूसी ग्रे या गाणाऱ्या मुलीवरचे त्याचे प्रेमही मालकी हक्काचेच आहे. त्यावर जास्त शाई खर्च करण्याचे कारण नाही.

आमची तक्रार सेजानसबद्दल आहे. तो पिंजऱ्यापाशी सँडविच घेऊन जातो. आत त्याचा जुना वर्गसोबती मार्कस आहे, तो त्या अन्नाला हात लावत नाही. त्या एका नकारात आम्हाला पुस्तकातला सर्वांत ताठ कणा दिसला. सेजानसचे मन निर्मळ आहे, पण त्याच्याजवळ संघटना नाही. आहे तो एकट्याचा पश्चात्ताप, आणि विश्वास टाकायला निवडलेला मित्र म्हणजे स्नो! शिवाय सगळी कथा स्नोच्या नजरेतून येते. जिल्ह्यातली माणसे आपसांत काय बोलत होती, ते लेखिका फारसे कळू देत नाही.

पुढे सेजानस बंडखोरांना मदत करू पाहतो. स्नो त्याचे बोलणे आवाज टिपणाऱ्या पक्ष्याकरवी राजधानीत पोहोचवतो, आणि सेजानस फासावर जातो. प्लिंथ दाम्पत्याला यातले काही ठाऊक नाही. ते स्नोला मुलाचा जिवलग मित्र समजून आपला वारस करतात, त्याच्या शिक्षणाचा खर्च उचलतात. आणि सेजानसची आई आता त्याला रांधून वाढते.