शेजार ओळखणारी अक्षरं

मॅकवर कोरं पान उघडा, फॉन्टच्या यादीतून ‘झाप्फिनो’ निवडा आणि रोमन लिपीत हेच नाव टाइप करा. झेड, ए, पी, एफ अशी अक्षरं एकेक करून उमटत जातात. शेवटचा ओ पडला की सगळा शब्द बदलतो. सात अक्षरांच्या जागी एकच सलग आकृती येते, एखाद्या झोकदार सहीसारखी.

आपल्याला हे परकं वाटायला नको. क, हलन्त आणि ष टाइप केल्यावर क्ष उमटतो, तोही असाच. अमुक अक्षरं लागोपाठ आली तर तमुक आकृती दाखव, असा नियम फॉन्टमध्येच लिहिलेला असतो.

झाप्फिनोचं वळण जर्मन सुलेखनकार हेरमान झाप्फ यांचं. ‘पॅलाटिनो’ आणि ‘ऑप्टिमा’ही त्यांचेच. झाप्फिनोचं मूळ त्यांच्या १९४४ सालच्या वहीतल्या एका पानावर आहे. तेव्हा ते सैन्यात नकाशे काढत होते. असं मोकळं वळण शिशाच्या खिळ्यांना झेपणारं नव्हतं. खिळा म्हणजे चौकोनी ठोकळा. अक्षराची शेपटी त्याच्या बाहेर काढली तर ती शेजारच्या खिळ्यावर अधांतरी राहते आणि दाबाखाली तुटते. संगणकावर चौकोन उरतो तो मापापुरता. शेपटी खालच्या ओळीत उतरली तरी काही मोडत नाही. लिनोटाइप या फॉन्ट-कंपनीने हा फॉन्ट १९९८ साली आणला, तेव्हा झाप्फ ऐंशीच्या उंबरठ्यावर होते.

खरी मेहनत मात्र वेगळ्याच ठिकाणी आहे. टाकाने ‘बाबा’ लिहून बघा. दोन ब कधीच तंतोतंत सारखे येत नाहीत. पहिल्याला मोकळी जागा मिळते, दुसऱ्याला शेजारी सांभाळावा लागतो. फॉन्टमध्ये लागोपाठचे दोन एफ हुबेहूब सारखे निघाले, की लिहिल्याचा भास तिथेच संपतो. म्हणून झाप्फ यांनी एक नव्हे, चार वर्णमाला रेखाटल्या, फटकारे आणि नक्ष्या वेगळ्या. कुठलं रूप कुठे बसवायचं, ते मांडणी करणाऱ्याने ठरवायचं. २००३ साली फॉन्ट-रचनाकार अकिरा कोबायाशी यांच्यासोबत ‘झाप्फिनो एक्स्ट्रा’ झाला. त्यात रूपं वाढली आणि निवडीचं बरंचसं काम नियमांवर सोपवता आलं. माझ्या मते सुलेखनाच्या फॉन्टचा कस इथेच लागतो. सुंदर ए काढणारे पुष्कळ भेटतात; तो ए कुणाशेजारी बसणार आहे, याचा विचार करणारे थोडे.

वापरताना एवढं पाळा. फॉन्ट रोमन लिपीपुरता आहे, देवनागरी त्यात नाही. तो एखाद्या नावाला किंवा शीर्षकाला, मोठ्या आकारात लावा. लहान आकारात टाकाच्या बारीक रेषा पुसट होतात. वर-खाली भरपूर जागा सोडा. अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, नाहीतर जोड तुटतात. सगळा शब्द कॅपिटलमध्ये तर कधीच नको, फटकारे एकमेकांत अडकून नाव वाचता येत नाही. आणि लग्नपत्रिका असेल तर मुहूर्त आणि पत्ता साध्या अक्षरांतच ठेवा.