अंगणातील दिवा, वीजबिल आणि कीटक

शेतघराच्या अंगणात रात्रभर जळणारा १०० वॅटचा जुना बल्ब दहा तासांत एक युनिट, म्हणजेच महिन्याला ३० युनिट वीज खर्च करतो. त्याजागी ९ वॅटचा एलईडी दिवा लावल्यास हा वापर २.७ युनिटांवर येतो. मात्र दिवा पिवळसर छटेचा निवडावा. निळसर पांढऱ्या प्रकाशाकडे कीटक अधिक आकर्षित होतात.

प्रकाश सापळ्याचे गणित निराळे आहे. तेथे कीटक यावेत हाच हेतू असतो. तथापि त्यासाठी रात्रभर वीज जाळण्याचे कारण नाही. हुमणीचे भुंगेरे पहिल्या पावसानंतर तिन्हीसांजेला जमिनीतून निघून कडुनिंब, बाभळीवर जमतात. त्यांच्यासाठी साधारणतः सायंकाळी सात ते दहा ही वेळ पुरेशी ठरते. २०० वॅटचा बल्ब बारा तासांऐवजी तीन तास लावल्यास २.४ युनिटांऐवजी ०.६ युनिट वीज लागते. शिवाय क्रायसोपासारखे निशाचर मित्रकीटक सापळ्यात नाहक मरण्याचे प्रमाणही घटते.

‘सापळा लावावा’ एवढीच शिफारस अपुरी आहे. तो केव्हा बंद करावा, हेही विस्तार कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यांना आवर्जून सांगावे.