मळणी: खळ्यावरची आणि मनातली

आजचा विषय मळणी. कुरुंदवाडात या विषयावर बोलायचं म्हणजे थोडी गंमतच आहे. आता आपल्या चोहोबाजूंना ऊस, आणि उसाला काही मळणी नसते, तो थेट कारखान्यात जातो. पण समोर साठीच्या पुढची जी मंडळी बसली आहेत, त्यांना शाळूचं खळं नक्की आठवत असेल.

विषय सुचला तो मात्र खळ्यावरून नाही, पुरावरून. २०१९ च्या महापुरानंतर आम्ही एका ओळखीच्या घरी भेटायला गेलो होतो. घरात चिखल, धान्याची पोती कुजलेली. शेजारचे एक गृहस्थ घरच्या बाईंची समजूत घालत होते, ''देव माणसाला मळतो, तेव्हाच दाणा बाहेर पडतो.'' बाई काही बोलल्या नाहीत, उठून आत गेल्या. त्या गृहस्थांचं वाक्य खरं की खोटं, हा प्रश्न तेव्हापासून आमच्या डोक्यात आहे. मळणीची ही उपमा बायबलमध्ये ठिकठिकाणी येते, म्हणून आज ती तिथेच तपासून पाहू.

आधी आपलं खळं आठवू या. जमीन खरवडायची, पाणी मारून चोपायची, शेणानं सारवायची. मधोमध तिवडा रोवायचा. त्याच्याभोवती कणसं पसरून बैलांची पात फिरवायची. मग वारं सुटलं की उंचावर उभं राहून सुपानं धार सोडायची. दाणा सरळ खाली, भूस वाऱ्याबरोबर बाजूला. खळ्यात कुणी चपला घालून जात नसे. रास मोजताना पहिल्या मापाला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणत.

बायबलच्या काळातलं पॅलेस्टाईनमधलं खळं याहून फार वेगळं नव्हतं. हिब्रू भाषेत त्याला 'गोरेन' म्हणतात. वारा लागावा म्हणून ते उघड्यावर, शक्यतो उंचवट्यावर करत. तिथली पिकं गहू आणि जव. बैल तुडवत तर होतेच, पण आणखी एक साधन होतं, 'मोराग'. म्हणजे जाड फळी, तिच्या खालच्या अंगाला धारदार दगड किंवा लोखंडी दाते बसवलेले. ती बैलांनी ओढायची आणि हाकणारा वर उभा राहायचा. रोमन लोक अशाच साधनाला 'ट्रिब्युलम' म्हणत. त्यावरूनच इंग्रजीतला 'ट्रिब्युलेशन' हा शब्द आला, अर्थ घोर संकट. म्हणजे दुःखाला मळणी म्हणण्याची सवय भाषेतच मुरलेली आहे. ते गृहस्थ काही नवीन बोलत नव्हते.

आता यशया संदेष्ट्याचा २८ वा अध्याय पाहा. त्यात शेतकऱ्याच्या शहाणपणाचं वर्णन आहे. जिऱ्यावर कुणी दात्यांची फळी फिरवत नाही, जिरं काठीनं झोडपतात. भाकरीच्या धान्यावर फळी फिरवतात, पण तीही कायम फिरवत राहत नाहीत, नाहीतर दाण्याचाच चुरा व्हायचा. आमच्या मते या उपमेचा गाभा इथे आहे. मळणी ही शिक्षा नव्हे. ती दाणा सोडवण्यासाठी असते, म्हणून तिला मोजमाप असतं. कुठे थांबायचं ते ज्याला कळत नाही, त्याला मळणी येत नाही.

याच उपमेची दुसरी बाजू आमोस संदेष्ट्याच्या पहिल्याच अध्यायात आहे. दिमिष्कवाल्यांनी गिलादच्या लोकांना लोखंडी दात्यांच्या मळणीयंत्रानं मळलं, हा तिथे गुन्हा म्हणून नोंदवलेला आहे. अवजार तेच, पण खाली माणूस आला की ते पाप ठरतं.

इथे कुणी आम्हाला अडवेल, आणि अडवावंच. पहिल्या स्तोत्रात दुर्जनांना वाऱ्यानं उडणारं भूस म्हटलं आहे ना? मत्तयाच्या तिसऱ्या अध्यायात बाप्तिस्मा करणारा योहान खळं स्वच्छ करणाऱ्याविषयी बोलतो, तिथेही माणसांचाच निवाडा आहे ना? आहे. ते नाकारून चालणार नाही. (जाता जाता सांगतो, मूळ ग्रीकमध्ये तिथे धान्य उधळायचं लाकडी फावडं आहे. मराठी बायबलनं त्याचं 'सूप' केलं, आणि ते आपल्या हाताला बरोबर बसलं.) पण ते सूप कुणाच्या हातात आहे, हे पाहायला हवं. माझ्या-तुमच्या हातात ते दिलेलंच नाही. त्याच शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात गव्हात उगवलेल्या निदणाचा दाखला आहे. चाकर ते उपटायला निघतात, तर धनी त्यांना थांबवतो, कारण निदणाबरोबर गहूही उपटला जाईल. निवाडा होणार, पण तो चाकरांनी करायचा नाही.

शिवाय भूस म्हणजे काही परकी वस्तू नाही. ते दाण्याच्याच ताटावर वाढतं. दाणा कोवळा असतो तेव्हा त्याला झाकतं, जपतं. वेळ झाली की सुटायला हवं, एवढंच. आपल्या अभिमानाचं, जातकुळीच्या ऐटीचं असंच असतं. कधीकाळी त्यांनी आधार दिलेला असतो, पुढे त्यांचंच टरफल होतं. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात, ७१ व्या सूक्तात, सातू चाळणीनं स्वच्छ करावेत तशी शहाणी माणसं वाणी शुद्ध करतात, अशी उपमा आहे. तिथेही चाळणी दुसऱ्यावर नाही, स्वतःच्याच बोलण्यावर चालते.

मग दुसऱ्यासाठी खळ्यावर काय करायचं? बायबलचं उत्तर साधं आहे: वाटा द्यायचा. अनुवादाच्या २५ व्या अध्यायात आज्ञा आहे की मळणी करणाऱ्या बैलाला मुसकी बांधू नये. राबणाऱ्यानं राबता राबता चार घास खावेत. परक्या देशातून आलेली विधवा रूथ बवाजाच्या शेतात सरवा वेचते, आणि पुढे त्याच्या खळ्यावरून पदरात जव घेऊन सासूकडे जाते. आपल्याकडे बलुतेदार खळ्यावरच आपला वाटा न्यायला येत. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ च्या 'गावगाडा'त ती सगळी व्यवस्था वाचायला मिळते. ती न्यायाची होती असं आम्ही म्हणणार नाही. कुणाला किती आणि कसं मिळे, ते जातीवर ठरे. पण रास एकट्याची नसते, एवढं त्या खळ्यालाही मान्य होतं.

आता त्या पुराच्या घरी परत जाऊ. ते वाक्य खरं की खोटं? आमचं उत्तर असं: त्या बाई स्वतः कधी पुढे म्हणाल्या असत्या, ''या पुरानं मला मळलं, पण काही शिकवलं,'' तर ते खरं ठरलं असतं, आणि आपण मान खाली घालून ऐकलं असतं. शेजाऱ्यानं म्हटलं म्हणून ते क्रूर झालं. मळणीची उपमा स्वतःला लावावी, दुसऱ्याच्या दुःखाला लावू नये.

एक शब्द सांगून थांबतो. रास उचलल्यावर खळ्याच्या तळाशी मातीत मिसळलेले दाणे उरत. त्याला मातेरं म्हणतात. 'आयुष्याचं मातेरं झालं' असं आपण म्हणतो, तो शब्द खळ्यावरूनच आलेला आहे. पण मातेऱ्यात दाणे असतात, मंडळी. ते निवडायला कुणीतरी शेजारी सूप घेऊन बसावं लागतं. त्या दिवशी त्या घरात आम्हीही नुसतेच बसून होतो. एखादं पोतं उपसून वाळत घालायला हवं होतं, ते आम्हाला सुचलं नाही. पुढच्या पुरात तुम्हाला सुचावं, म्हणून हे सांगितलं.