सप्तकाची उडी, चार तारांवर

डेव्हिड बोवीचं ‘स्टारमॅन’ फेब्रुवारी १९७२मध्ये लंडनच्या ट्रायडंट स्टुडिओत ध्वनिमुद्रित झालं. मागे मिक रॉन्सनची गिटार, ट्रेव्हर बोल्डरचा बास, ड्रम्स आणि व्हायोलिनचा ताफा. जुलैमध्ये बीबीसीच्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’मध्ये लालबुंद केसांचा, भडक रंगीत पोशाखातला बोवी ते गायला आणि ग्लॅम रॉक ब्रिटनच्या घराघरांत शिरला. हा सगळा थाट बाजूला ठेवून हेच गाणं युकुलेलेवर वाजवलं, तर माझ्या मते त्याचा गाभा जास्त स्पष्ट ऐकू येतो.

तो गाभा म्हणजे एक उडी. ध्रुवपदात शीर्षकाच्याच शब्दावर आवाज खालच्या स्वरावरून थेट वरच्या सप्तकातल्या त्याच स्वरावर जातो. हॅरोल्ड आर्लेन यांच्या १९३९च्या ‘ओव्हर द रेनबो’ची सुरुवातही अशाच उडीने होते. बोवीला हे नातं पुरतं ठाऊक होतं. ऑगस्ट १९७२मध्ये लंडनच्या रेनबो थिएटरमध्ये त्याने ही दोन गाणी एकमेकांत गुंफून गायली. पुढे १९८८मध्ये हवाईचे इझ्रायल कामाकाविवोओले यांनी आर्लेन यांचं गाणं फक्त युकुलेलेच्या साथीने गायलं आणि ते जगभर पोचलं. सप्तकाच्या उडीला मोठा वाद्यवृंद लागत नाही, हे त्यातून सिद्ध झालंच होतं.

सप्तक म्हणजे कंपनसंख्या दुप्पट. युकुलेलेच्या तारा जी, सी, ई, ए अशा लावतात. त्यातली मोकळी सी तार सेकंदाला सुमारे २६२ वेळा थरथरते. बाराव्या पडद्यावर बोट दाबलं की तारेची लांबी निम्मी होते आणि कंपनं ५२३वर जातात. लहान, म्हणजे सोप्रानो युकुलेलेची तार सुमारे ३५ सेंटीमीटर. म्हणजे अख्खं सप्तक साडेसतरा सेंटीमीटरमध्ये मावतं.

हेच काम खुंटी पिळून करायचं ठरवलं, तर ताण दुप्पट करून भागत नाही, चौपट करावा लागतो. हे सोळाव्या शतकात व्हिन्सेन्झो गॅलिली यांनी तारांना वजनं टांगून दाखवून दिलं. ते गॅलिलिओचे वडील आणि ल्यूट या तंतुवाद्याचे वादक. पायथागोरसच्या नावावर चालत आलेली समजूत त्यांनी प्रयोगाने मोडली. एका वादकाने हातातल्या तारेलाच प्रश्न विचारला आणि भौतिकशास्त्राला एक नियम मिळाला, ही गोष्ट शाळेतल्या पुस्तकांत यायलाच हवी.

गाणाऱ्याच्या गळ्यात पडदे नसतात. तो सप्तक ताणानेच चढतो. स्वरतंतू ताणले की ते लांब होतात, आणि लांबी वाढली तर स्वर खरं म्हणजे उतरायला हवा. पण ताण त्याहून कितीतरी जास्त वाढतो, म्हणून स्वर चढतो. हातातली तार आखूड होऊन वर जाते, गळ्यातली ताणून. ‘स्टारमॅन’ गाताना आणि वाजवताना दोन्ही एकाच वेळी अनुभवता येतं.

काही गोष्टी मात्र हातून जातात. बास गिटारची सर्वांत जाड तार सेकंदाला ४१ वेळा थरथरते आणि तिच्या ध्वनिलहरीची लांबी आठ मीटरहून अधिक असते. युकुलेलेच्या इवल्या पेटीला इतकी खोल लहर हलवता येत नाही. तिचा सर्वांत खालचा स्वर म्हणजे तीच मोकळी सी. छातीत घुमणारा ठोका जिथे गाण्याचा प्राण असतो, तिथे ही उणीव बोचते. ‘स्टारमॅन’ची भिस्त चालीवर असल्याने ते तगतं.

तानपुऱ्यावर कान तयार झालेल्यांना आणखी एक गोष्ट खटकेल. तानपुऱ्यातून आपोआप उमटणारा स्वयंभू गंधार शुद्ध पाचास चार या गुणोत्तराचा असतो. सी हा षड्ज धरला, तर त्या हिशेबाने गंधार ३२७ हर्ट्झवर हवा. युकुलेलेची ई तार लावतात ३२९.६वर, कारण तिचे पडदे सप्तकाचे बारा सारखे भाग पाडून बसवलेले असतात. या दोन तारांच्या वरच्या स्वरांशांत सेकंदाला दहाएक विस्पंद पडतात. पण नायलॉनच्या तारेचा नाद चटकन विरतो, त्यामुळे ते फारसे जाणवत नाहीत.

हाच अल्पजीवी नाद या गाण्याच्या पथ्यावर पडतो. कडवं संपून ध्रुवपद येण्याआधी मूळ मुद्रणात गिटार आणि पियानोवर मोर्स संदेशासारखी टकटक आहे. गिटारवर असे तुटक स्वर काढायला तळव्याने नाद दाबावा लागतो. युकुलेलेवर एकच तार बोटाने छेडत राहिलं की पुरतं. पुढचा आघात येईपर्यंत मागचा स्वर जवळजवळ विझलेला असतो.

ध्रुवपदात सी-सेव्हन या कॉर्डवरून एफवर परतताना बोटांकडे नीट बघा. सी-सेव्हनमध्ये ए तारेच्या पहिल्या पडद्यावर तर्जनी असते, बाकी तारा मोकळ्या. त्यात ई आणि कोमल बी हे दोन स्वर बरोबर अर्ध्या सप्तकाच्या अंतरावर असतात. ते कानाला टोचतात आणि सुटका मागतात. ती सुटका अशी: तर्जनी त्याच पडद्यावर शेजारच्या ई तारेवर सरकते, मधलं बोट जी तारेच्या दुसऱ्या पडद्यावर बसतं. ई अर्धा स्वर चढून एफ होतो, कोमल बी अर्धा स्वर उतरून ए. एका तर्जनीच्या एवढ्याशा हालचालीत दोन्ही स्वर विरुद्ध दिशांनी घरी पोचतात.