बोटावरचं अत्तर

यंदाच्या लग्नसराईत कोल्हापूरजवळच्या गडमुडशिंगी, उचगाव, सरनोबतवाडी या पट्ट्यातल्या मंगल कार्यालयांत मी बरीच लग्नं जेवले. एकाही दारात अत्तरदाणी दिसली नाही. थंड वाफ सोडणारं यंत्र होतं, फोटो काढायला फुलांची कमान होती आणि निघताना मिळणारं खोकं होतं. खोक्यात परफ्यूमची छोटी बाटली, लोशन, साबणाची वडी आणि वर नवरा-नवरीचा फोटो. एका लग्नात तर ही खोकी टेबलावर रचून ठेवली होती. ज्यानं त्यानं जाताना आपलं आपण उचलायचं. द्यायला माणूससुद्धा उभं नव्हतं. तेव्हापासून हे लिहायचं मनात होतं. आमच्याकडे वासाची भेट माणसाच्या बोटानं दिली जायची, आणि ती रीत माझ्या डोळ्यांदेखत गेली.

फार मागचं भरभर सांगते. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य घराण्यातल्या तिसऱ्या सोमेश्वरानं ‘मानसोल्लास’मध्ये राजाचं स्नान, उटणं, गंधलेप यांचा बारीक तपशील लिहून ठेवला. पुण्याच्या भांडारकर संस्थेतले प. कृ. गोडे यांनी गंगाधराचा ‘गंधसार’ आणि मराठी टीका असलेला ‘गंधवाद’ असे दोन ग्रंथ अभ्यासकांपुढे आणले. म्हणजे सुगंध कसे सिद्ध करायचे हे मराठीत समजावून सांगणारा माणूस जुन्या काळी होऊन गेला. पुढं पेशवाईत आणि संस्थानांच्या दरबारांत पानसुपारी, अत्तरगुलाब झालं की बैठक उठायची. या सगळ्याचा अभिमान वाटतो, पण मन त्यात रमत नाही. त्यात कुळवाड्याच्या घराचा वास कुठंच नाही. विसाव्या शतकातलंही बरंचसं मुंबईचं. १९१९ मध्ये पाटणवालांनी तिथं ‘अफगाण स्नो’ काढला, १९२२ मध्ये एस. एच. केळकर कंपनी सुगंधी द्रव्यांच्या धंद्यात उतरली, १९४१ मध्ये लीला चिटणीस लक्सच्या जाहिरातीत झळकल्या. आमच्या गल्लीतल्या बायकांच्या हाताला यातलं काही लागायला ऐंशीचं दशक उजाडावं लागलं. तिथं मात्र मी थांबणार आहे.

त्या दशकात गावाला स्वतःचा वास होता आणि तो महिन्यागणिक बदलायचा. दिवाळी झाली की गुऱ्हाळं पेटायची. काहिलीत रस उकळायला लागला की गोडसर, किंचित करपलेला वास शिवारभर पसरायचा आणि सायकलीवरून शाळेला जाताना अंगावरच्या कपड्यांत शिरायचा. ‘गोकुळ’ दूध संघाच्या पशुखाद्य कारखान्याकडून वारं आलं की मळी आणि पेंडीचा जड वास यायचा. परगावच्या पाहुण्यांना तो नकोसा वाटे. आम्हाला तो वास आला की घर जवळ आलं असं वाटे. मोहरमात पंजांपुढं ऊद जळायचा आणि आमच्या घरातली माणसं तिथं नारळ घेऊन जायची. चैत्रात जोतिबाच्या यात्रेहून परतलेल्या माणसाच्या अंगाला गुलाल आणि दवणा असा दुहेरी वास असे. तिथून, म्हणजे वाडी रत्नागिरीहून आणलेली दवण्याची जुडी देव्हाऱ्यात वाळत पडायची, आणि वाळेल तसा तिचा वास अधिक गोड व्हायचा. याच दवण्याचं तेल परदेशातले अत्तरवाले वापरतात. प्रत्येकाच्या कातडीवर त्याचा वास निराळा उमलतो, असं त्या धंद्यातली माणसं सांगतात.

बाहेरचे वास आले ते गांधीनगरातून. आमच्या गावाला चिकटलेली ही पेठ. दुसऱ्या महायुद्धात वळिवड्याच्या छावणीत पोलंडचे सुमारे पाच हजार निर्वासित राहिले होते. ते गेल्यावर फाळणीत घरदार सोडून आलेली सिंधी कुटुंबं तिथं वसली आणि त्यांनी शून्यातून घाऊक बाजार उभा केला. कापड ही त्याची मुख्य ओळख, पण दिवाळीच्या तोंडावर कापडाबरोबर स्नोच्या बरण्या, पावडरचे डबे, वासाच्या तेलाच्या बाटल्याही तिथूनच घरी यायच्या. भाऊबीजेला मामा यायचा तो पॉन्ड्स पावडरचा डबा किंवा मोती साबण घेऊन. टाटांच्या टॉमको कंपनीचा तो जाडजूड गोल साबण हातात मावायचा नाही. वर्षभर लाइफबॉय आणि दिवाळीला मोती, अशी घराची शिस्त होती. आई मोतीचा कागद फेकायची नाही, साड्यांच्या ट्रंकेत ठेवायची. संक्रांतीला ठेवणीतली साडी निघायची तेव्हा तिला दिवाळीचा वास यायचा.

असा वास माणसाला का हलवतो याचं उत्तर आता विज्ञानाकडे बरंचसं आहे. डोळ्यांचा, कानांचा निरोप मेंदूत आधी थॅलॅमस या ठाण्यावर जातो आणि तिथून पुढं वाटला जातो. वासाचा निरोप तिथं न थांबता भावना आणि आठवण सांभाळणाऱ्या भागांत पोचतो. नाकातली वासाची यंत्रणा उलगडून दाखवल्याबद्दल रिचर्ड अ‍ॅक्सेल आणि लिंडा बक यांना २००४ चं नोबेल मिळालं. माणसाच्या नाकात वास ओळखणारे सुमारे चारशे प्रकारचे ग्राहक असतात. रेचल हर्झ या संशोधिकेनं दाखवलं की वासानं जागी झालेली आठवण जास्त अचूक नसते, पण मनाला ती जास्त भिडते. २०१८ मध्ये जपानच्या कागोशिमा विद्यापीठात उंदरांना लव्हेंडरमधल्या लिनालूलचा वास दिला, तर त्यांची भीती कमी झाली. ज्या उंदरांना वासच येत नव्हता त्यांच्यावर परिणाम झाला नाही. तेव्हा वासानं मन शांत होऊ शकतं हे खरं आहे. पण लग्नातल्या खोक्यावर छापलेलं असतं तसं ते बाटलीत भरून सगळ्यांना सारखं वाटता येत नाही. कोणता वास कुणाच्या मनाला सुख देईल हे बरंचसं तो पहिल्यांदा कुणाच्या हातून आला त्यावर ठरतं. कोरोनात गावातल्या किती तरी जणांचा वास गेला. चव जाण्यापेक्षा घर परकं वाटायला लागलं याचं दुःख त्यांना जास्त होतं.

अत्तरवाले चाचा वर्षातून काही वेळा येत. खांद्याला पेटी, तिच्यात कापसाच्या बोळ्यात बसवलेल्या काचेच्या कुप्या. हिना, खस, मोगरा, केवडा, मजमुआ. कनोजला तांब्याच्या देगेत फुलं उकळून त्यांची वाफ चंदनाच्या तेलात उतरवतात, हे मी पहिल्यांदा त्यांच्या तोंडून ऐकलं. चंदनाचं तेल वास धरून ठेवतं, म्हणून मनगटावरचं बोटभर अत्तर दुसऱ्या दिवशी भाकरी थापतानाही जाणवायचं. पुढं चंदन महागलं, कनोजलाही पॅराफिन आलं आणि अत्तर कातडीवर टिकेना. पण तेव्हा चाचा मनगट मागायचे, काचेच्या काडीनं रेघ ओढायचे आणि म्हणायचे, “लगेच हुंगू नका आक्का, जरा ऊब लागू दे.”

हे ते ज्या आक्काला म्हणायचे ती माझी आत्या. ऐन तारुण्यात नवरा गेला आणि ती माहेरी आली. आमच्या घरचं उटणं तीच करायची. नागरमोथा, कपूरकाचरी, गव्हला, वाळा, आंबेहळद निवडायची, वाळवायची, कुटायची, वस्त्रगाळ करायची. अर्धी गल्ली तिच्याकडून उटणं न्यायची. अश्विन महिनाभर तिच्या हातांना कपूरकाचरीचा वास असायचा. आणि चैत्रागौरीच्या हळदीकुंकवाला तीच आत्या मागच्या सोप्यात बसून डाळ वाटायची, पन्हं ढवळायची. पुढच्या सोप्यात बायकांच्या हातांच्या पाठीवर अत्तर लागायचं, गुलाबदाणी फिरायची. तिला कुणी हाक मारायचं नाही. एकदा मी अत्तरदाणी घेऊन आत निघाले तेव्हा गल्लीतल्या एका वडीलधाऱ्या बाईनं मला दंडाला धरून थांबवलं. “तिला कशाला गं वास? कुणाला भुलवायचंय?” ती बाई आता नाही. तिच्या पोथ्या-पारायणांचं आजही गावात कौतुक होतं. मला तिचं ते एक वाक्य पुरेसं आहे. त्या काळी आत्याच्या मनगटाला अत्तर लागलं ते फक्त चाचांच्या काडीनं, कारण त्यांना वास दाखवायला मनगट हवं होतं आणि ते कुणाचं आहे हे ते विचारत नव्हते.

दुसराही हिशोब त्याच दशकातला. मुलगी दाखवायची वेळ आली की नात्यातल्या बायका ‘भेट’ म्हणून गोरेपणाच्या क्रीमची ट्यूब आणायच्या. मलाही आली, माझ्या सावळ्या चुलतबहिणीला तर एका उन्हाळ्यात कितीदा तरी आली. कागदात गुंडाळून, प्रेमानं पाठीवर हात ठेवून दिलेला तो अपमान होता. ट्यूबला वासही छान होता, म्हणून तर तो अजून विसरता येत नाही. वास मन प्रसन्न करतो तसा तो मनात काटाही रुतवून ठेवतो. २०२० मध्ये अशा क्रीमच्या नावातून गोरेपणाचा शब्द काढला गेला. लग्न ठरवणाऱ्यांच्या तोंडून तो अजून गेलेला नाही.

पुढची तीस-पस्तीस वर्षं मला फार सांगावीशी वाटत नाहीत. १९९१ नंतर बाजार उघडला, टॉमको हिंदुस्थान लिव्हरमध्ये गेली, मोती मात्र दिवाळीपुरता टिकला. १९९९ च्या सुमाराला डबाबंद फवारे आले आणि कॉलेजची पोरं बसमध्ये ढग सोडत चढायला लागली. त्यांच्या जाहिरातींत बाई म्हणजे वास आला की धावत सुटणारं जनावर. २०११ मध्ये केंद्रीय माहिती-प्रसारण खात्याला अशा जाहिरातींची दखल घ्यावी लागली, आणि २०२२ च्या जूनमध्ये एका बॉडी स्प्रेची बलात्काराचा विनोद करणारी जाहिरात त्याच खात्यानं थांबवली. ज्या वस्तूनं माणूस जवळ यायचा ती वस्तू बाईला घाबरवण्याच्या कामी आली, याची चीड मला आजही येते. गावही बदललं. गुऱ्हाळं विझत गेली, ऊस कारखान्याला जायला लागला, विमानतळाच्या विस्तारात आमच्या शिवारातली जमीन गेली. चाचा कधी यायचे बंद झाले ते कुणी ध्यानातही ठेवलं नाही.

आता हळदीकुंकू मोठ्या मांडवात होतं. निवडणूक जवळ आली की जास्तच. पैठणीचे खेळ, माईक, बायकांच्या रांगा आणि रांगेच्या शेवटी पिशवी. पिशवीत टाल्कम पावडर, रुमाल, वर उमेदवाराचा फोटो. हात कुणी हातात घेत नाही, कारण रांग मोठी असते. एका गोष्टीचं मात्र मनापासून कौतुक केलं पाहिजे. मे २०२२ मध्ये आमच्याच जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावानं ग्रामसभेत विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनं बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करण्याचं परिपत्रक काढलं. जे आमच्या गल्लीतल्या शहाण्यासुरत्या बायकांना सुचलं नाही ते एका ग्रामसभेनं केलं. आत्या तेव्हा हयात नव्हती.

ठराव कागदावर राहू नये यासाठी बायकांनीच हात चालवावे लागतील. रांग आणि पिशवी त्यासाठी नको. तोळाभर अत्तराला लग्नातल्या खोक्यांइतका खर्च येत नाही. कोल्हापुरात महाद्वार रोडवर अष्टगंध, कापूर घ्यायला जाता तिथं अत्तराचीही चौकशी करा. वास कातडीवर लावून, जरा ऊब लागू देऊन पारखून घ्या. येत्या चैत्रात हळदीकुंकू कराल तेव्हा शेजारच्या ज्या बाईला आजवर मागच्या सोप्यात बसवलं, तिच्या दारी जाऊन तिला आधी बोलवा आणि तिच्या हाताला अत्तर पहिल्यांदा लावा.